कोल्हा का थांबला

दाराबाहेर पडण्याआधी माझी धाकटी बहीण एक बूट घालायची आणि थांबायची. एक पाय बुटात, दुसरा नुसत्या मोज्यात, आणि समोरच्या भिंतीवर तीन खुंट्या. खुंट्यांवर तीन पिशव्या: निळी, हिरवी, पिवळी. तिन्हींकडे आळीपाळीने बघून ती मोठ्याने म्हणायची, "आज निळी." किंवा "आज हिरवी." एवढं बोलून झालं की मगच दुसरा बूट. हे रोज. घाई असो, अंगात कणकण असो. एकदा तर अर्धा जिना उतरून गेलेली परत वर आली. पिशवी बरोबर घेतली होती, पण नाव घ्यायचं राहिलं होतं.

"विमान उडवणारेसुद्धा एवढी तपासणी करत नसतील," आई म्हणायची.

"विमान पडलं तर कळतं तरी," ती म्हणायची. "माझं चुकलं तर कुणाला कळायचंही नाही."

घरात तिला टिटवी म्हणत. टिटवी हा पक्षी जमिनीवर राहतो, भल्या सकाळी ओरडतो आणि जवळपास कुणी फिरकलं तर साऱ्या जगाला कळवून मोकळा होतो. ती पाळण्यात असतानाच बाबांनी हे नाव ठेवलं होतं. पुढे तिने कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, मी आधीच सांगितलं होतं." ते कधी काय म्हणाले होते, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. गावभरच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून जातात आणि आम्ही मात्र तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो. टिटवी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायची. एका संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, आत कुणीच नसतं तेव्हा लिफ्ट कुठे थांबते?" बाबा म्हणाले, "जिथे शेवटचा माणूस उतरला तिथे." तिला ते पटलं नाही. ती त्या लिफ्टजवळच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसून राहिली. खालीवर करणाऱ्या माणसांना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होती, म्हणजे लिफ्टला ती बसल्याचं कळू नये. आई कामावरून तिकडे येऊन तिला शोधू लागली तेव्हा ही तिथेच, दोन्ही गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली. आपण बघत नसतो तेव्हा काय चालतं, ही तिची भूक तेव्हापासूनची. पुढे लिफ्टच्या जागी जनावरं आली, एवढंच.

आता पिशव्यांचं सांगते.

निळी पिशवी काचेची. कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाची एक अख्खी भिंत काचेची आहे आणि सकाळी तीत आकाश इतकं स्वच्छ उमटतं की पक्षी सरळ तिच्यात शिरायला जातात. ग्रंथालय उघडायच्या आत टिटवी त्या भिंतीखालून चालत जायची आणि पडलेले पक्षी उचलायची. कुठला पक्षी, कुठल्या काचेखाली, हे टिपायची. नुसता घेरी आलेला असला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवायचा आणि हुशार झाला की सोडायचा. मेलेला असला तर आमच्या घरच्या फ्रीजरमध्ये, कारण कॉलेजचा फ्रीजर बिघडला होता आणि तो दुरुस्त होईपर्यंतची सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे कुणी थांबवलीच नाही. आईने त्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "खाण्याचं नाही." ते वाचूनही आमच्या आत्याने तो उघडलाच. आत्या तेव्हापासून आमच्याकडे साधं पाणीसुद्धा कोमट पिते.

हिरवी पिशवी नदीची. नदीवर पाणमांजरं आहेत, पण ती दिसत नाहीत. दिसते ती त्यांनी खडकांवर टाकलेली विष्ठा. टिटवी ती चिमट्याने गोळा करायची, आमच्या गॅलरीत वाळवायची आणि मग जेवायच्या टेबलावर भिंग घेऊन बसायची. माशांचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे, एखादं बेडकाचं हाड. कोण काय खाऊन गेलं ते ती वाचत असायची. त्या वासाला नाव नाही. मासळी म्हणावी तर तिच्यामागे वाळल्या गवताचा गोडसर वास येतो. गॅलरीत दोरीवर माझा दुपट्टा असला की तो वास माझ्याबरोबर वर्गात यायचा आणि शेजारची मैत्रीण हळूच एक खुर्ची पलीकडे सरकायची.

आणि पिवळी पिशवी मोरीची. गावाबाहेरून जो नवा रस्ता जातो त्याच्या एका बाजूला झुडपांची टेकडी आणि दुसऱ्या बाजूला नदी. रस्त्याखालून पाणी जायला एक मोरी बांधलेली आहे. माणूस वाकून चालला तर आरपार जाईल एवढी. टेकडीवरची जनावरं पाण्याकडे जाताना या मोरीतून जातात का, हा प्रश्न. त्यासाठी मोरीच्या दोन्ही तोंडांशी कॅमेरे बांधलेले. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात.

तीन पिशव्यांचे तीन मालक होते. काचेच्या मालकीण ग्रंथपालबाई. पाणमांजरांवर संशोधन करणारी एक मोठी विद्यार्थिनी होती, तिला आम्ही नदीवाली म्हणायचो. मोरी टिटवीच्या सरांची. तिघांनाही वाटायचं की टिटवी आपलीच आणि पूर्ण वेळ आपलीच. शिवाय तास, प्रात्यक्षिकं, परीक्षा. तिच्या नाकी नऊ यायचे, पण तिन्हींपैकी एक सोड म्हटलं की ती अशी बघायची, जणू तिला कुठलं बोट नकोय असं विचारलंय.

"एक काहीतरी धड कर," आई म्हणायची. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.

"तू एकाच डोळ्याचा नंबर काढतेस का?"

"दोन काढते. तिसरा डोळा घेऊन अजून कुणी आलेलं नाही."

पिशव्या वेगळ्या ठेवायचा नियम नदीवालीने घालून दिला होता. इकडची माती तिकडे जाऊ नये, इकडचा वास तिकडे जाऊ नये. हातमोजे वेगळे, दोऱ्या वेगळ्या, फडकी वेगळी. "जनावराचं जग नाकात असतं," ती म्हणायची. "आपण डोळ्याने बघतो म्हणून विसरतो." म्हणून ते एका बुटावरचं उभं राहणं आणि पिशवीचं नाव घेणं.

त्या वर्षी मोरीचं प्रकरण तापलं होतं. मोऱ्यांमध्ये कचरा साठतो, पाणी तुंबतं, म्हणून रस्ते विभागाने सगळ्या मोऱ्यांच्या तोंडांना लोखंडी जाळ्या बसवायचं ठरवलं. सरांनी अर्ज केला: ही एक मोरी सोडा, जनावरांना दुसरी वाट नाही. विभागाने उलट विचारलं, जनावरं तिथून जातात हे कशावरून? बैठकीत दाखवा. जाळी लागली की टेकडीवरचं जे काही पाण्याकडे येईल ते रस्त्यावरूनच येणार, गाड्यांच्या चाकांमधून. टिटवीने त्याच रस्त्यावरून एक चिरडलेलं साळिंदर स्वतःच्या हातांनी उचललं होतं. घरी येऊन ती हात धुऊन जेवायला बसली आणि न जेवताच उठली. मोरी उघडी राहावी असं तिला मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती जे वागली त्यावरून काही जणांना तसं वाटलं नाही.

सुरुवातीला कॅमेऱ्यांत फारसं काही येत नव्हतं. गवत हललं, फोटो. कुत्रा आला, फोटो. कधीतरी एखादं मुंगूस, शेपटीला पाय फुटल्यासारखं, चौकटीतून निसटतं. सर कंटाळले होते.

मग एके दिवशी पिवळ्या पिशवीची चेन तुटली. मी ती दुरुस्तीला टाकली. नेमकं त्याच दिवशी तिचं सगळं एकावर एक आलं: सकाळी काच, दुपारी परीक्षा, परीक्षेहून थेट नदी आणि नदीवरून मोरी, कारण टेकडीकडच्या कॅमेऱ्याचा पट्टा कुजला होता आणि नवा बांधायचा होता. नवा पट्टा तिने हिरव्या पिशवीत टाकला. "आज हिरवी," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर आठवडाभराने आम्ही जेवत असताना सरांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनच्या बाहेर सांडत होता. "अगं, कोल्हा! कोल्हा!"

आईचा घास हातात राहिला. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, आई. कोल्हा आला."

नुसता कोल्हा नव्हता. टेकडीकडच्या कॅमेऱ्यात जत्रा भरली होती. कोल्हा, रानमांजर, साळिंदर, मुंगसं. कोल्ह्याचा फोटो तर असा की भिंतीवर लावावा: कान टवकारलेले, पुढचा एक पाय उचललेला, नाक थेट आपल्याकडे. सरांनी तो विभागात सगळ्यांना दाखवला. शिपायाला दाखवला. चहावाल्यालाही दाखवला म्हणतात.

टिटवीलाही आनंद झाला होता. पहिला दिवसभर तिने तो फोटो इतक्यांदा उघडला की बाबा म्हणाले, "स्थळ आलंय का?" पण दुसऱ्या दिवसापासून ती फोटो बघताना कपाळाला आठी घालू लागली. माझ्या अभ्यासाच्या टेबलाशी येऊन बसायची आणि विचारायची, "ताई, तू रस्त्याने जाताना दिव्याच्या खांबाशी थांबतेस का?"

"कशाला थांबेन?"

"तेच ना. ज्याला पलीकडे जायचंय तो जातो. हा थांबतो का?"

"कॅमेरा बघून थांबला असेल."

"आधी नाही थांबायचे. आधीचं मुंगूस बघ, सरळ जातंय. आता मुंगूसही थांबतंय. आणि अजून एक. टेकडीकडच्या तोंडाशी एवढी गर्दी, मग नदीकडच्या कॅमेऱ्यात शुकशुकाट कसा? आत शिरलेले बाहेर कुठे पडले?"

त्यावर घरात ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला. बाबांचं म्हणणं, नदीकडचा कॅमेरा बिघडला. आईचं म्हणणं, मोरीत काहीतरी मेलंय. मी म्हटलं, नदीकडे उजेड जास्त असेल. टिटवी प्रत्येकाचं ऐकून घ्यायची, जाऊन बघून यायची आणि आल्यावर मान हलवायची. नदीकडचा कॅमेरा तिने स्वतः रांगत त्याच्यासमोर जाऊन तपासला. तो फोटो आमच्याकडे आहे. जनावर म्हणून फार वाईट नाही.

उत्तर शेवटी गॅलरीत सापडलं. टेकडीकडच्या कॅमेऱ्याचं झाकण सैल झालं होतं म्हणून तिने तो पट्ट्यासकट घरी आणला आणि बाबांपुढे ठेवला. बाबा झाकणाचे स्क्रू काढत होते आणि पट्टा त्यांच्या मांडीवरून खाली लोंबत होता. आमच्या जिन्यावर एक मांजर राहते. ती कुणाचीच नाही आणि कुणालाच भाव देत नाही. ती आली, पट्ट्याशी थांबली, एक पाय उचलला आणि नाक पुढे केलं. मग तोंड अर्धवट उघडं ठेवून, कुणीतरी अचानक अवघड गणित विचारल्यासारखा चेहरा करून उभी राहिली. आणि मग गालाची एक बाजू पट्ट्यावर घासू लागली.

टिटवी दारात उभी होती. तिने हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"बाबा, हलू नका."

"का? साप आहे?"

ती आत धावली, लॅपटॉप घेऊन आली आणि कोल्ह्याचा फोटो मांजरीच्या शेजारी धरला. तोच पाय. तेच नाक. तेच अर्धवट उघडं तोंड.

मग तिने पिवळ्या पिशवीतून दुसरा पट्टा आणला, नवाकोरा, कुठेही न गेलेला, आणि पहिल्याशेजारी टाकला. मांजर त्याच्यावरून अशी चालत गेली जणू तो जमिनीचा भाग आहे. पुन्हा जुन्या पट्ट्याशी गेली. टिटवीने दोन्हींची जागा बदलली. मांजर वळली आणि जुन्याच पट्ट्याकडे गेली.

"साक्षीदार पक्का आहे," बाबा म्हणाले.

टिटवी हसायला लागली. आधी खरं हसली, पोट धरून. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. "ते मोरीतून जायला आलेच नव्हते," ती म्हणाली. "पाणमांजराचा वास बघायला आले होते. माझ्या पिशवीतला."

मला वाटलं ती रडेल. पण तिने पट्टा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ हुंगत राहिली. "मला काहीच येत नाहीये," ती पुटपुटली. "एवढी मोठी बातमी आहे ह्यात आणि मला काहीच वाचता येत नाहीये."

सरांना तिने काय सांगितलं आणि सर काय म्हणाले ते तिने घरी येऊन नक्कल करून दाखवलं. सर चष्मा कपाळावर ढकलून बोलतात, तसा तिने आईचा चष्मा ढकलला.

"अगं, पण कोल्हा आहे ना टेकडीवर?"

"आहे, सर."

"मोरीच्या तोंडापर्यंत येतो ना?"

"आला. वासाने."

"वासाने का होईना! फोटो खोटा आहे का?"

"फोटो खरा आहे. पण त्याच्याखाली आपण जे लिहिणार ते खोटं आहे."

"आणि जाळी लागली तर? ती खरी असेल. तेव्हा तुझा हा खरेपणा कोल्ह्याला काय कामाचा?"

इथे टिटवी नक्कल करता करता थांबली. तिने चष्मा काढून आईला दिला. "मी फक्त एवढंच म्हटलं की नवा पट्टा बांधल्यानंतरचे सगळे फोटो बाजूला काढायचे. आणि बैठकीपर्यंत मला परत बघू द्या. वास न लावता."

"मग?"

"मग म्हणाले, तुला काय करायचं ते कर. दाराकडे बघून म्हणाले."

आई चष्मा पुसत राहिली. "त्या जाळीवाल्यांना हे आपण होऊन सांगायचंच आहे का?" तिने हळूच विचारलं.

"आई, तू चुकीचा नंबर दिलास तर?"

"परत बोलावते."

"तेच करतेय."

कॅमेरे तिने काढूनच टाकले. त्याऐवजी वाळू आणायची ठरवली. मोरीच्या अगदी मध्यावर, दोन्ही तोंडांपासून लांब, चाळलेल्या बारीक वाळूचा एक थर पसरायचा. तिथे थांबण्यासारखं काही नाही, हुंगण्यासारखं काही नाही. जो त्या वाळूवर पाय देईल तो पलीकडे जायलाच निघालेला असेल. नदीवालीने हिरव्या पिशवीसाठी तिला आधी चांगली झापली आणि मग स्वतःची चाळणी दिली. बाबांनी एका बांधकामावरून वाळू मागून आणली, आम्ही दोघींनी ती उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. तेवढे दिवस टिटवीने नदीवर जायचं बंद केलं आणि काचेची फेरी मला शिकवली. काचेखालून चालताना मला पहिल्यांदा कळलं की मेलेला पक्षी किती हलका असतो. हातात काही आहे की नाही, ते पुन्हापुन्हा बघावं लागतं.

सकाळी मी काच संपवून मोरीकडे जायची तेव्हा टिटवी आत असायची. बाहेरून तिचे फक्त तळवे दिसायचे. वरून ट्रक गेला की छताचं काँक्रीट दाढ दुखल्यासारखं कण्हायचं. एका कडेने पाण्याची बारीक धार वाहायची. टिटवी ओणवी होऊन विजेरी जमिनीलगत आडवी धरायची, म्हणजे वाळूतल्या लहानशा खळग्यालाही सावली पडायची. मग ती वाचायची, मोठ्याने, माझ्यासाठी.

"हे मुंगूस. इकडून तिकडे. हे बघ, परतही आलंय, पण चालत नाही, पळत. कुणीतरी ओरडलेलं दिसतंय. हे साळिंदर. ही पावलांच्या मागची रेघोटी काट्यांची, झाडू मारत गेल्यासारखी."

"आणि कोल्हा?"

"नाही."

रोज विचारायची मी, आणि रोज ती म्हणायची, नाही. कोल्हा मोरीत शिरत नव्हता. कदाचित त्याला ट्रकचा आवाज आवडत नसेल. कदाचित त्याची वाट दुसरीच असेल. टिटवी म्हणायची, "बघायला हवं, तो जातो कुठून," आणि तिच्या आवाजात निराशेपेक्षा दुसरंच काहीतरी असायचं. जणू कोल्ह्याने तिला पत्ता न देता आमंत्रण दिलंय.

मग एका सकाळी मी गेले तर आतून आवाजच नाही. टिटवी गप्प, हेच मुळात नवल. मी वाकून आत गेले. ती वाळूपुढे गुडघ्यांवर बसली होती. वाळूवर गोलसर ठसे होते, पाच बोटांचे, आणि दोन ठिकाणी बोटांच्या मध्ये पातळ पडद्याची पुसटशी खूण. मागे एक जड, ओली शेपटी ओढत गेल्याची रेघ.

"पाणमांजर?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. "नदीकडून टेकडीकडे. वर एक जुनं तळं आहे ना, तिकडे असेल."

"अगं मग झालं की! हेच दाखवायचं."

"ताई," ती म्हणाली, "पाणमांजराला दुसऱ्या पाणमांजराचा वास म्हणजे दारावरची पाटी. कोण राहतं, कधी आलं. आणि मोरीच्या टेकडीकडच्या तोंडाशी तसली पाटी मीच लावून ठेवली होती, एवढे दिवस. आता पट्टा काढलाय, पण भिंतीला वास राहिला असेल. हे नेहमी इथून जातं का? की माझ्यामुळे पहिल्यांदा आलं? इथे राहतं कोण, ते बघायला?"

वरून ट्रक गेला. थोडी वाळू हलली आणि एका ठशाची कड ढासळली.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. तिने ते असं म्हटलं की मला वाटलं, एवढी आनंदी मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि एवढी काळजीत पण.

बैठक विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत होती. भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. समोर रस्ते विभागाच्या अभियंता बाई, दंडावर उन्हाने रंगलेली शर्टाच्या बाहीची रेघ. त्यांच्याबरोबर दोन साहेब, दोघंही फोनमध्ये. सरांनी बोलायला सुरुवात केली. चांगलं बोलले. आकडे वाळूचेच दिले. पण मग एक चित्र पडद्यावर आलं आणि टिटवीने माझा हात घट्ट धरला. कोल्हा होता. खाली काही लिहिलेलं नव्हतं. नुसता कोल्हा, कान टवकारलेला.

दोन्ही साहेबांनी फोन खाली ठेवले.

"वा," एक म्हणाले.

"हा इथला?" अभियंता बाईंनी विचारलं.

"मोरीच्या तोंडाशी टिपलेला," सर म्हणाले. हे खरंच होतं.

"म्हणजे हा जातो मोरीतून?"

सरांनी पाण्याची बाटली उघडली. उघडायला बराच वेळ लागला. त्यांनी टिटवीकडे बघितलं नाही. पण पुढच्या चित्राकडेही गेले नाहीत. मला अजून वाटतं, त्यांनी ती जागा तिच्यासाठी मोकळी सोडली.

टिटवी उभी राहिली. "नाही जात. तो आला, वास घेतला आणि परत गेला. वास माझ्या पिशवीचा होता."

एक साहेब फस्सकन हसले. "पिशवीत काय होतं?"

"पाणमांजराची विष्ठा."

आता सगळेच हसले, अभियंता बाई सोडून. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मोरीतून जातं कोण?"

टिटवीने सांगितलं. मुंगूस जातं, येतं. साळिंदर जातं. पाणमांजर गेलं, पण ते का गेलं ते तिला सांगता येत नाही. मोरीच्या तोंडाचा वास पुरता जाईपर्यंत वाळू वाचावी लागेल, मगच कळेल. वाळू कशी चाळली, विजेरी कशी धरायची, काट्यांची रेघ कशी दिसते, हे सांगताना तिचे हात हवेत चालू लागले. आपण बैठकीत आहोत हे ती विसरली असावी. एका साहेबाने मध्येच विचारलं, "आणि शेपटीची रेघ कशी असते?" तिने टेबलावर बोटाने ओढून दाखवली.

"म्हणजे मी जाळी बसवू नको असं तुमचं म्हणणं," अभियंता बाई म्हणाल्या.

"नको असं मला वाटतं. पण पुरतं ठाऊक नाही, म्हणून वेळ द्या असं म्हणते."

"मुली, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं." बाईंनी समोरचा कागद ओढला. "मोऱ्यांच्या यादीत ही पहिली आहे. शेवटी टाकते. आमचं खातं शेवटच्या मोरीपर्यंत कधी पोचतं, ते मी सांगायला नको. तोवर बघून घ्या. आणि तेव्हा येऊन मला एकच सांगायचं, जातात की नाही."

"आणि नसतील जात तर?"

"तर जाळी."

"बरं," ती म्हणाली.

खाली जिन्यात सर भेटले. ते फाईल बगलेत मारून उभे होते. "कोल्हा देखणा होता मात्र," ते म्हणाले.

"होता, सर."

"कुठून जात असेल गं तो?"

"मला पण तेच वाटतंय," टिटवी म्हणाली, आणि दोघं तिथेच जिन्यात उभे राहून टेकडीच्या दुसऱ्या उताराबद्दल बोलू लागले, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट न देता. मी एक पायरी खाली जाऊन थांबले. बाहेर ऊन चढलं होतं.

बसथांब्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. बस लांबून दिसली तशी सरळ झाली, केस मागे घेतले आणि म्हणाली, "ताई, सुट्टे तू दे. आणि खिडकी मला."